टेलिफुंकन विरुद्ध मामांचा डबा

टर्नटेबल कोणतं घ्यावं यावर मागे या पानावर लिहिलं होतं. तेव्हापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "टर्नटेबल घेतलं. आता म्हणे फोनो प्रीअँप लागतो. तो म्हणे व्हॉल्व्हचाच हवा. आणि व्हॉल्व्ह म्हणे जुना जर्मनच हवा. खरं काय?"

तीन 'म्हणे' आहेत आणि त्यातलं तिसरं सगळ्यात महाग आहे. जुन्या जर्मन व्हॉल्व्हच्या चांगल्या जोडीसाठी लोक महिन्याच्या घरभाड्याएवढे पैसे मोजतात. सो, आजचा कॉलम त्या तिसऱ्या 'म्हणे'वर. फंडा सोपा आहे, पण तो नीट कळायला थोडं वायरिंग उघडून बघावं लागेल. घाबरू नका, सोल्डरिंगची गन मी धरते.

आधी पहिलं 'म्हणे'

फोनो प्रीअँप लागतो, हे शंभर टक्के खरं. रेकॉर्डच्या खाचेतून सुई फिरते तेव्हा कार्ट्रिजमधून जी वीज निघते ती साधारण ५ मिलिव्होल्ट. रिमोटमधल्या पेन्सिल सेलच्या तीनशेव्या भागाएवढी! ती शंभरेक पट वाढवल्याशिवाय तुमच्या अँप्लिफायरला तिची दखलही घेता येत नाही.

पण काम नुसतं वाढवण्याचं नाही. रेकॉर्ड कापताना खर्जाचा आवाज मुद्दाम दाबलेला असतो, कारण खर्जाच्या मोठ्या लाटा तशाच कापल्या तर खाच शेजारच्या खाचेत घुसेल. आणि तार सप्तकाच्या वरचा सगळा बारीक आवाज मुद्दाम वाढवलेला असतो, म्हणजे नंतर तो खाली आणताना रेकॉर्डची खरखरही त्याच्यासोबत खाली येते. हे किती दाबायचं आणि किती वाढवायचं याचं आरआयएए नावाचं अमेरिकन प्रमाण १९५४ साली ठरलं आणि पुढे जगभर रुळलं. प्रीअँपने हाच हिशोब उलटा करायचा. २० हर्ट्झला साधारण १९ डेसिबलची वाढ आणि २० हजार हर्ट्झला जवळपास तितकीच घट.

याची एक गोची आहे. आपल्या भिंतीतल्या विजेची गुणगुण ५० हर्ट्झची. मधल्या सुरांच्या तुलनेत प्रीअँप तिलाही सातेक पट जास्त मोठं करतो! म्हणून फोनो प्रीअँप हा ऑडिओतला सगळ्यात हळवा डबा. इतर ठिकाणी खपून जाणारी घाण इथे स्पीकरमधून घुमते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता दुसरं

व्हॉल्व्हचाच हवा का? अजिबात नाही. दहा-वीस रुपयांच्या आयसीवर उत्तम फोनो प्रीअँप बनतात. तरी मी व्हॉल्व्हचा बांधला. कारण एकच, मजा. आयसीच्या पोटात काय चालतं ते दिसत नाही. व्हॉल्व्हमध्ये सगळं काचेतून दिसतं. मधली नळी तापून लाल होते, तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, भोवतीची बारीक तारेची जाळी त्यांना अडवते किंवा सोडते, आणि बाहेरची प्लेट त्यांना गोळा करते. जाळीवर सुईचा इवलासा आवाज द्या, प्लेटवर तोच मोठा होऊन मिळतो. १९०६ साली ली डी फॉरेस्टने दिव्यात ही जाळी घातली आणि रेडिओपासून पहिल्या कॉम्प्युटरपर्यंत सगळं तिच्यावर उभं राहिलं.

माझ्या प्रीअँपमध्ये दोन व्हॉल्व्ह आहेत, प्रत्येक चॅनेलला एक. नाव ईसीसी८३. हे नाव गाडीच्या नंबरप्लेटसारखं वाचता येतं. ई म्हणजे ६.३ व्होल्टवर तापणारा, सी म्हणजे ट्रायोड, दोन सी म्हणजे एकाच काचेत दोन ट्रायोड, आणि ८ ने सुरू होणारा आकडा म्हणजे नऊ पायांचा छोटा बेस. अमेरिकेत याचंच नाव १२एएक्स७. आरसीए कंपनीने तो १९४७ मध्ये आणला. गिटारच्या अँपपासून लग्नातल्या लाउडस्पीकरपर्यंत याने सगळं वाजवलंय.

एक सूचना, आणि ती गंमत म्हणून नाही. या डब्यात अडीचशे ते तीनशे व्होल्ट डीसी खेळत असतात. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये तो करंट बसून राहतो. ज्याला हे डिस्चार्ज कसं करायचं माहीत नाही, त्याने झाकण उघडू नये. तयार प्रीअँपही मिळतात. आपल्याला पुढच्या सोमवारी ऑफिसला जायचंय.

आणि आता ते महागडं

एकदा डबा चालू झाला की 'ट्यूब रोलिंग' नावाचा किडा चावतो. म्हणजे व्हॉल्व्ह काढून दुसऱ्या कंपनीचा लावायचा आणि फरक ऐकायचा. सगळ्यात मान जर्मनीच्या टेलिफुंकनला. काचेच्या तळाला, पायांच्या मधोमध, चौकटीचं छोटं चिन्ह उमटवलेलं असतं, ते म्हणजे असली माल. मग इंग्लंडच्या ब्लॅकबर्नमधल्या कारखान्यातला मुलार्ड. मग हॉलंडचा अँपेरेक्स. हे सगळे कारखाने केव्हाच बंद झाले, म्हणून भाव. आज नवे व्हॉल्व्ह मुख्यतः स्लोव्हाकियाची जेजे, रशियातल्या सारातोवचा कारखाना आणि चीन इथून येतात. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर रशियन माल मिळेल की नाही याची धाकधूक झाली आणि जगभर भाव उसळले.

आणि मग आपला बेल! भेळ नाही, भेलही नाही, बेल. भारत इलेक्ट्रॉनिक्स, बंगळुरू, स्थापना १९५४. साठच्या दशकापासून त्यांनी फिलिप्सच्या सहकार्याने रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. तुमच्या आजोबांचा रेडिओ सत्तरच्या दशकातला असेल, तर आत बेलचे व्हॉल्व्ह असण्याची शक्यता भरपूर. आता ते बनत नाहीत.

यातल्या प्रत्येक नावामागे विशेषणं चिकटलेली. टेलिफुंकन म्हणजे 'पारदर्शक', मुलार्ड म्हणजे 'मखमली', रशियन म्हणजे 'रोखठोक'. वाइनच्या बाटलीवरचं लेबल वाचतोय असं वाटतं. माझ्या मुंबईच्या एका मित्राकडे टेलिफुंकनची जोडी आहे. "रात्र आणि दिवसाचा फरक आहे बॉस, तू ऐकच," असं म्हणत त्याने ती पंधरा दिवसांसाठी उसनी दिली. कापसात गुंडाळून. त्याच्या बायकोचे दागिनेही तो इतक्या काळजीने देणार नाही.

नेमकं त्याच आठवड्यात गावाहून मामांचा फोन आला. "पोरी, एक गिऱ्हाईक आलंय. डबा मागायलंय. देऊ का?"

डब्याची गोष्ट

माझं आजोळ आखाडा बाळापूर. नांदेडहून हिंगोलीकडे निघालात की अर्धापूर, वारंगा फाटा आणि मग आमचं बाळापूर. तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली. १९९९ च्या १ मे पर्यंत आम्ही परभणी जिल्ह्यात होतो. मामांचं तिथे रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आकाशवाणी परभणी लागत नाही अशी तक्रार घेऊन लोक यायचे, आणि लग्नसराईत-जत्रेत लाउडस्पीकरचे सेट यायचे. त्या सेटच्या अँप्लिफायरमध्ये हाच ईसीसी८३ असायचा. दुकान बंद होऊन जमाना झाला. मामेभाऊ आता त्याच जागेत मोबाइल दुरुस्त करतो. पण व्हॉल्व्हचा पत्र्याचा डबा मामांनी जपून ठेवलेला.

गिऱ्हाईक मोठ्या शहरातलं. डबा न उघडता सगळ्याचे मिळून एकच रक्कम देतो म्हणत होतं. रक्कम सांगत नाही, पण तेवढ्यात चार जणांचं चांगलं डिनर होईल. मामांना पैशाची निकड नव्हती. त्यांना एवढंच कळून घ्यायचं होतं की आपण आयुष्यभर हाताळलेला माल खरंच किलोच्या भावाचा आहे का.

मला शांत जागा हवीच होती. पुण्यातल्या माझ्या फ्लॅटखाली रिक्षा स्टँड आहे, तिथे बारीक फरक ऐकणं म्हणजे विनोद. मामांचं राहतं घर शेतात आहे. आमच्याकडे शेतातल्या घराला आखाडाच म्हणतात. रात्री आठनंतर तिथे फक्त रातकिडे. "डबा देऊ नका, मी येते," असं सांगून चार दिवस रजा टाकली आणि टर्नटेबल, प्रीअँप, छोटा अँप्लिफायर आणि एक स्पीकर घेऊन नांदेडची गाडी पकडली.

हळद काढणीचे दिवस होते. अंगणात शिजवलेली हळद वाळत घातलेली, आणि ओसरीवर माझी प्रयोगशाळा. "हे काय करायलीस?" आईने विचारलं. ती भावाकडे आधीच येऊन बसली होती. "चाचणी," मी म्हटलं. "परीक्षा कुणाची?" "तुमच्या कानांची!"

ट्रिक अशी

व्हॉल्व्ह बदलून तुलना करण्यात एक लोच्या आहे. एक काढायचा, गार होऊ द्यायचा, दुसरा लावायचा, गरम होऊ द्यायचा. यात पंधरा मिनिटं जातात. कानाची स्मृती इतकी टिकत नाही. बारीक फरक काही सेकंदांत विरतात, आणि मग मेंदू लेबल वाचून उत्तर देतो.

म्हणून ही युक्ती. जुन्या मराठी ईपी बऱ्याचशा मोनो आहेत, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही चॅनेलला अगदी तोच आवाज. मग डाव्या चॅनेलला बेल लावायचा, उजव्याला टेलिफुंकन, आणि एक स्विच टाकून दोघांपैकी एकच चॅनेल त्याच एका स्पीकरला द्यायचा. दोन्ही व्हॉल्व्ह गरम, गाणं तेच, बदल एका टिचकीत. अर्ध्या फेऱ्या झाल्या की व्हॉल्व्हची अदलाबदल करायची, म्हणजे चॅनेलमध्येच काही उणं-दुणं असेल तर तेही धुऊन निघतं.

दुसरी अट, आवाजाची पातळी सारखी हवी. दोन आवाजांतला एक जेमतेम डेसिबलभर मोठा असेल, तर तो मोठा आहे असं कुणी म्हणत नाही. 'जास्त खुला आहे', 'जास्त जिवंत आहे' असं म्हणतात! दुकानदारांना हे फार आधीपासून माहीत आहे. मी फोनवरून ४०० हर्ट्झचा सूर खूप बारीक करून प्रीअँपला दिला आणि मल्टीमीटर लावून दोन्ही चॅनेलचं आउटपुट सारखं केलं. ४०० च का? कारण स्वस्त मल्टीमीटर त्याच्या वर गेलं की भरवशाचा राहत नाही.

तिसरी अट, कुणाला काही दिसता कामा नये. स्विच घेऊन मी कपाटामागे. समोर मामा, आई, मामेभाऊ आणि वहिनी. आधी दोन्ही आवाज नंबर सांगून ऐकवायचे, पहिला आणि दुसरा. मग नाणं उडवून त्यातला एक लावायचा. हा कितवा? प्रत्येकाने कागदावर लिहायचं. एकूण दहा फेऱ्या.

रेकॉर्ड सुलोचना चव्हाणांच्या लावण्यांची. ढोलकीची थाप खालचं टोक तपासते, घुंगरू वरचं, आणि मधला तो ठसक्याचा आवाज कुठे चिरकला तर कुणालाही कळतं. शिवाय तीन मिनिटांचं गाणं पुन्हा पुन्हा वाजलं तरी घरात कुणी उठून जात नाही.

निकाल

पहिली रात्र, डब्यातला बेल विरुद्ध स्लोव्हाकियाचा नवा जेजे. दहापैकी बरोबर उत्तरं : मामा ५, आई ६, मामेभाऊ ४, वहिनी ५. नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी हेच आलं असतं.

दुसरी रात्र, बेल विरुद्ध टेलिफुंकन. मुंबईच्या मित्राचे प्राण पणाला. मामा ५, आई ४, मामेभाऊ ६... आणि वहिनी ८!

नुसत्या नशिबावर दहापैकी आठ किंवा जास्त येण्याची शक्यता वीसात एखादी. म्हणजे वहिनींना काहीतरी ऐकू येत असणार. "तुम्ही कशावरून ओळखलंत?" त्या लाजत म्हणाल्या, "गाणं तर सारखंच हाय. पण एकात गाणं सुरू व्हायच्या आधी लांब कुठं पाऊस पडायलाय असं वाटतंय."

सही! तो पाऊस म्हणजे त्या बेल व्हॉल्व्हची सळसळ. वहिनी सूर ऐकतच नव्हत्या, सुरांच्या मधली शांतता ऐकत होत्या. मी डब्यातला दुसरा, जरा शांत बेल शोधून लावला आणि त्यांना पुन्हा दहा फेऱ्या दिल्या. ५. पाऊस गेला, फरक गेला.

तिसऱ्या रात्री जेजे विरुद्ध रशियन. त्याचाही निकाल नाण्यासारखाच. मग मीही समोर बसले आणि स्विच मामेभावाकडे दिला. बेल विरुद्ध टेलिफुंकन, मला ६.

आता कुणी म्हणेल, चार-पाच जणांच्या कानांवरून तू जगाचा निकाल लावणार का? नाही लावणार. पण का असं झालं असावं याचं कारण व्हॉल्व्हच्या कागदपत्रांतच आहे. ईसीसी८३ हे नाव म्हणजे सगळ्या कारखान्यांनी पाळायचा करार. आवाज शंभर पट वाढवण्याची ताकद, आतला विरोध साधारण साडेबासष्ट हजार ओहम, जाळी आणि प्लेटमधली कपॅसिटन्स १.६ पिकोफॅरड. बंगळुरूचा असो नाहीतर जर्मनीचा, निरोगी व्हॉल्व्ह या आकड्यांच्या आसपासच असतो. मग तो वेगळा वाजेल कशाला?

उलटा पुरावाही मिळाला. गंमत म्हणून त्याच सॉकेटमध्ये ईसीसी८१ आणि ईसीसी८२ लावले. पाय तेच, जोडणी तीच, पण ताकद वेगळी. ८१ ची साठ, ८२ ची वीसहून कमी. आता सगळ्यांनी दहापैकी दहा! नुसता आवाज बारीक झाला म्हणून नाही, पातळी सारखी करूनही. कारण माझ्या सर्किटमध्ये आरआयएएचा हिशोब करणाऱ्या भागांत व्हॉल्व्हचा आतला विरोधही धरलेला आहे. तो बदलला की सगळा हिशोब हलतो. शिवाय जाळी-प्लेटमधली ती नगण्य कपॅसिटन्स व्हॉल्व्ह जितका वाढवतो तितक्या पटीने मोठी होऊन कार्ट्रिजला जाणवते. ईसीसी८३ साठ पट वाढवत असेल तर १.६ चे जवळपास शंभर होतात, आणि त्यावर घुंगरांचा वरचा आवाज ठरतो. ८२ लावला तर ते ओझं बरंच कमी. म्हणजे कानांना फरक कळतो, जिथे खरंच फरक असतो तिथे. ब्रँड बदलला तेव्हा तो नव्हता. व्हॉल्व्हचा नंबर बदलला तेव्हा होता.

लाइटचं राजकारण

या चार दिवसांत सगळ्यांना, अगदी कान न देताही कळलेला एक बदल आणखी होता. तो व्हॉल्व्हमुळे नव्हता. दुपारी आजूबाजूच्या शेतांतल्या मोटारी सुरू झाल्या की सॉकेटमध्ये माझा मीटर १९० व्होल्ट दाखवायचा. रात्री मोटारी बंद, की २४० च्या वर.

व्हॉल्व्हला तापायला लागतात ६.३ व्होल्ट, फार तर दहा टक्के इकडेतिकडे. साध्या ट्रान्सफॉर्मरवर चालवलं तर १९० व्होल्टला ते भरतात जेमतेम ५.२. अर्धपोटी माणसाकडून ओव्हरटाइम करून घेण्यासारखं आहे हे. आवाज मरगळतो, आणि मग मालक म्हणतो हा ब्रँड भंगार आहे! मी फिलामेंटसाठी रेग्युलेटर लावलेला, दोन वडापावांच्या किमतीचा. तो चालू असताना आणि बंद असताना एकच व्हॉल्व्ह दोन वेगवेगळ्या माणसांसारखा वागत होता. रेग्युलेटरनंतर ती ५० हर्ट्झची गुणगुणही पार खाली गेली, कारण तापणाऱ्या तारेत एसीऐवजी स्वच्छ डीसी जायला लागला.

शहरात व्होल्टेज बरं असतं म्हणून हे आपल्याला कळत नाही. पण हजारोंचा व्हॉल्व्ह घ्यायच्या आधी त्याला पोटभर जेवायला मिळतंय का, हे बघायला काय हरकत आहे?

मामांची पेन्सिल

हे सगळं चाललेलं असताना मामा तीन दिवस शांत होते. चौथ्या दिवशी सकाळी म्हणाले, "झालं का तुझं ऐकणं? व्हॉल्व्ह ऐकून न्हाई घेत कुणी. ठोकून घेतेत."

डबा उघडला. ईसीसी८३ एकूण चौदा. मामांनी एकेक उजेडात धरला. काचेच्या टोकाला आतून चांदीसारखा चकचकीत लेप असतो. आत चुकून उरलेला वायू शोषायचं काम त्याचं. तो पांढरा पडला की समजायचं काचेत हवा शिरली, व्हॉल्व्ह मेला. दोन तिथेच बाद. बाकीच्यांचे पाय खोडरबरने घासले, एकेक करून प्रीअँपला लावला, आवाज मोठा केला आणि पेन्सिलच्या मागच्या टोकाने काचेला हळूच टिचकी मारली.

पहिल्याने देवळातली घंटा वाजवली! खरंच, स्पीकरमधून टण्ण असा घंटानाद. आतली जाळी सैल झाली की ती हादऱ्याने थरथरते आणि व्हॉल्व्ह स्वतःच मायक्रोफोन बनतो. लग्नाच्या सेटमध्ये हे चालून जातं. फोनो प्रीअँपमध्ये स्पीकरचे हादरेच परत व्हॉल्व्हमध्ये शिरतात आणि घुमायला लागतात. असे पाच निघाले. तीन सळसळणारे, वहिनींच्या भाषेत पावसाळी. उरले चार. शांत, घट्ट, टिचकीला फक्त 'टक' म्हणणारे.

मामांचं वय सत्तरीपुढचं. घुंगरांचा वरचा आवाज त्यांना आता कितपत येतो कोण जाणे, आणि लावणीच्या परीक्षेत त्यांना दहात पाचच होते. पण चौदातले चार त्यांनी अर्ध्या तासात काढून दाखवले, आणि ते चारही टेलिफुंकनशेजारी उभं राहायला लायक होते. जुन्या, नामांकित व्हॉल्व्हला जे पैसे पडतात त्यातला खरा उपयोगाचा भाग हाच. कुणीतरी निवडून, तपासून, जोडी लावून दिलेली असते. बाकीचं लेबल.

ऑफिसात आपण रोज बघतो की. मोठ्या कॉलेजचं नाव सीव्हीवर असलं की अप्रेझलमध्ये काम आपोआप 'ब्रिलियंट' दिसतं. नाव झाकून फक्त काम दिलं तर किती जणांना कळेल?

दुपारी मामांनी गिऱ्हाइकाला फोन लावला. "हे बगा, आता माल तपासलेला हाय. चार चांगले, त्यातले दोन माझ्या भाचीला. राहिले दोन, त्यांचा भाव नगावर. बाकीचे रेडिओचे व्हॉल्व्ह तपासून सांगतो, घाई नका करू." पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. पण मामांनी फोन ठेवला, वही काढली आणि उरलेल्या डब्याची यादी करायला बसले. प्रत्येकापुढे एक शेरा : घंटा, पाऊस, मेला, चांगला.

टेलिफुंकन मुंबईला सुखरूप परत गेले, कापसासकट. मित्राला निकाल सांगितला. तो म्हणतो आमच्या लोकांचे कान तयार नाहीत. असेल. त्याला मी स्विच आणि नाणं घेऊन घरी येते म्हटलंय. अजून तारीख देत नाहीये!

खिशाला परवडेल अशी यादी

● प्रीअँप व्हॉल्व्हचाच घ्यायचा असेल तर आधी नवा, चालू उत्पादनातला ईसीसी८३ लावा. शांत असेल तर तिथेच थांबा.

● विकत घेताना ब्रँडआधी विचारा : सळसळ तपासली आहे का? टिचकी मारून बघितला आहे का? दोन्हीचं उत्तर 'हो' असेल तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही.

● मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार इथे जुने व्हॉल्व्ह अधूनमधून दिसतात. काचेच्या टोकाचा लेप पांढरा दिसला तर हातातला खाली ठेवा.

● ८३ च्या जागी ८१ किंवा ८२ बसतो म्हणून लावू नका. बसणं वेगळं, चालणं वेगळं.

● आवाजात खरा बदल हवा असेल तर क्रम असा : रेकॉर्ड धुणं, सुई बदलणं, कार्ट्रिज नीट बसवणं, वीज सुधारणं. व्हॉल्व्हचा ब्रँड सगळ्यात शेवटी.

● गावाकडे कुणाचं जुनं रेडिओचं दुकान असेल तर डबा न उघडता विकू देऊ नका. आणि डब्याआधी त्या माणसाला गाठा. कोणता चांगला हे त्यालाच माहीत असतं.